अवधाण का येतं?

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून सादर झालेलं भाषण)

 

भांगलताना पायात बाभळीचा काटा मोडला, दोन दिवस दुर्लक्ष केलं आणि तिसऱ्या दिवशी जांघेत गाठ आली, चालताना ठणकायला लागली, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकींनी घेतलेला आहे. घरातली म्हातारी माणसं लगेच म्हणतात, "अवधाण आलंय, पायाला कुठं लागलंय का बघ." काटा पायात आणि गाठ जांघेत! दोन्हींत हातभर अंतर. तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. तो संबंध कसला, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आधी एक गोष्ट कबूल करायची आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरगुती उपायांच्या कार्यक्रमात सांगितलं होतं, की गाठ आली तर कोमट तेलानं चोळावी, जिरून जाते. आम्ही ते कुणाला विचारलं नव्हतं. लहानपणापासून ऐकत आलो होतो, तेच पुढे सांगितलं. काही महिन्यांनी आमची एक श्रोती केंद्रावर आली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या मानेला उजव्या बाजूला गाठ होती. सासरी कळू नये म्हणून ती पदर सारखा मानेभोवती घ्यायची आणि रात्री गुपचूप तेल चोळायची. चार महिने असे गेले. मग कुणीतरी बिब्बा लावायला सांगितलं, त्यानं कातडी भाजली. शेवटी गाठ फुटून वाहायला लागली. ती आमच्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "चोळायचं सांगितलंत. पण गाठ म्हणजे असतं काय, ते कुठं सांगितलंत?"

तिचं म्हणणं खरं होतं. मग आम्ही ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंकडे जाऊन बसलो, आरोग्यसेविका ताईंना विचारलं, पुस्तकं वाचली. त्यातून जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिल्यांदा आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. उसाच्या रानाला पाटाचं पाणी येतं. पाटातून सरीत आणि सरीतून मातीत मुरतं. पिकाला लागेल तेवढं पीक घेतं. उरलेल्या पाण्याला निचरा लागतो. निचऱ्याचा चर बुजला तर काय होतं, ते नदीकाठच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. रान पाणथळ होतं, क्षार वर येतात, जमीन क्षारपड होऊन बसते.

शरीरातही असंच आहे. हृदय रक्त ढकलतं. ते मोठ्या नसांतून बारीक नसांत आणि तिथून केसाहून बारीक नळ्यांत पोचतं. या नळ्यांच्या भिंतीतून रक्तातलं पाणी सारखं बाहेर झिरपतं आणि प्रत्येक पेशीला अन्न आणि प्राणवायू देतं. त्यातलं बरंचसं परत रक्तात जातं, पण सगळं नाही. रोज दोन ते चार लिटर पाणी मागे उरतं. म्हणजे कळशीतलं चांगलं तीन-चार तांबे पाणी. ते तिथंच साचलं असतं, तर दिवसाभरात आपण सुजून गेलो असतो.

हे उरलेलं पाणी गोळा करायला शरीरात दुसऱ्या नळ्यांचं जाळं आहे. त्यांना लसिका वाहिन्या म्हणतात, आणि आतल्या पाण्याला लसिका. खरचटल्यावर रक्त थांबतं आणि पिवळसर, पातळ पाणी येतं ना? ते साधारण याच जातीचं. या वाहिन्या पायाच्या बोटांपासून वर चढत जातात, एकमेकींना मिळतात आणि शेवटी गळ्याखालच्या आडव्या हाडामागे मोठ्या रक्तवाहिनीत लसिका सोडतात. दोन्ही पाय, पोट आणि शरीराची डावी बाजू यांचा निचरा डावीकडे होतो. उजवा हात, छातीची उजवी बाजू आणि डोक्या-मानेची उजवी बाजू एवढ्यांचाच उजवीकडे. पोळीवरचं तूपसुद्धा आतड्यातून याच वाटेनं रक्तात जातं. तुपातेलाचं जेवण झालं, की आतड्याकडची लसिका दुधासारखी पांढरी दिसते.

पण रक्ताला ढकलायला हृदय आहे, तसं या पाण्याला नाही. मग ते पायातून वर कसं चढतं? वाहिन्यांच्या भिंती स्वतः थोड्या थोड्या आवळतात. आपण चाललो की पोटऱ्यांचे स्नायू त्यांना पिळतात. श्वास घेताना छातीकडे ओढ लागते. आणि आत झडपा असतात, विहिरीच्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हसारख्या, पाणी वर सोडणाऱ्या पण खाली येऊ न देणाऱ्या. म्हणून एसटीत सात-आठ तास पाय लोंबकळत ठेवून बसलो, की पाऊल सुजतं आणि चप्पल घट्ट होते. उठून चार पावलं चाललं की उतरतं.

आता गाठीकडे येऊ. या वाटेवर जागोजाग छोट्या गाठी आहेत. वाटाण्याएवढ्या, काही त्याहून लहान. एका माणसाच्या अंगात पाचशे-सहाशेच्या आसपास. मानेत, काखेत, जांघेत त्यांचे झुबके आहेत आणि पोटात, छातीतही आहेत. त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. आजार नसतानाही त्या असतातच. निचऱ्याचं पाणी रक्तात परत जाण्याआधी या गाठींतून गाळून जातं.

काटा मोडला तेव्हा त्याबरोबर मातीतले जंतू पायात शिरले. तिथं पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी लगेच धावल्या. पाय लाल, गरम झाला, सुजला, पू झाला. पू म्हणजे बऱ्याच अंशी या लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशीच. ही पहिली फळी. तिला जंतूची जात ओळखता येत नाही, दिसेल त्याला ती गिळते.

त्याच वेळी दुसरं काम सुरू होतं. कातडीत डेन्ड्रायटिक नावाच्या पेशी असतात. गावचा कोतवाल जशी वर्दी घेऊन चावडीवर जायचा, तशा या पेशी जंतूचा तुकडा अंगावर घेऊन लसिकेच्या वाटेनं निघतात आणि सर्वांत जवळच्या गाठीत पोचतात. पायाच्या काट्यासाठी ती गाठ जांघेत असते. तिथं लाखो पांढऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्यांचे मुख्य दोन प्रकार, टी पेशी आणि बी पेशी. गंमत अशी, की त्यांतली प्रत्येक पेशी एकच चेहरा ओळखते. कोतवालानं आणलेला तुकडा एकीला दाखवला, ओळख पटली नाही. दुसरीला दाखवला, नाही. लाखात एखादीला ओळख पटते. मग ती एकटी राहत नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत काही दिवसांत तिच्यासारख्या हजारो तयार होतात. गाठ त्यामुळेच फुगते. तिच्यावरचं आवरण ताणलं जातं, म्हणून ठणकते. मैत्रिणींनो, अवधाण ते हेच.

तयार झालेल्या टी पेशींतल्या काही, विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात आणि काही बाकीच्यांना हुकूम देतात. बी पेशी प्रतिपिंडं बनवतात. प्रतिपिंड म्हणजे जंतूला नेमकं चिकटणारं एक द्रव्य. ते चिकटलं की जंतूवर जणू खूण पडते, आणि पहिल्या फळीच्या पेशी त्याला पटकन गिळतात. काम संपल्यावर यांतल्या बहुतेक पेशी मरून जातात आणि गाठ ओसरते. थोड्या मागे राहतात, वर्षानुवर्षं. तोच जंतू पुन्हा आला, तर आठवडाभर वाट पाहावी लागत नाही.

टी पेशींना टी म्हणतात, कारण त्या छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत शिकून तयार होतात. ही ग्रंथी बाळपणी मोठी असते, वयानुसार आटत जाते. आणि बी पेशींचं नाव आलं कोंबडीवरून! कोंबडीच्या मागच्या बाजूला, विष्ठेच्या वाटेच्या वर, एक छोटी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. १९५६ साली अमेरिकेत ब्रूस ग्लिक यांनी दाखवलं, की पिलांची ही पिशवी काढली तर त्यांना प्रतिपिंडं बनवता येत नाहीत. त्या बर्सातला ब इथं आला. आपल्या अंगात ती पिशवी नाही, आपल्या बी पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. बचत गटातून कुक्कुटपालन करणाऱ्या मैत्रिणींनी गंबोरो रोग पाहिला असेल. त्याचा विषाणू नेमका या पिशवीवर हल्ला करतो. म्हणून त्यातून वाचलेल्या पिलांना नंतर दिलेली मानमोडीची लसही नीट लागत नाही. लस टोचून भागत नाही, तिला उत्तर देणाऱ्या पेशी अंगात असाव्या लागतात.

गाठ आणि आपला इतिहास यांचंही एक नातं आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एक रोग ओळखला. लोक त्याला गाठीचा रोग म्हणायला लागले. तो प्लेग. उंदरावरची पिसू बहुतेक वेळा पायाला चावायची आणि जांघेत मोठी गाठ यायची. हातावर चावली तर काखेत. म्हणजे वाट तीच, काट्याची. फरक एवढाच, की प्लेगचा जंतू पांढऱ्या पेशींनी गिळला तरी मरत नाही. त्यांच्याच पाठीवर बसून तो गाठीपर्यंत जातो आणि तिथं वाढतो. गाठीतली लढाई हरली, की तो रक्तात उतरतो. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुल्यांना हाच रोग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती.

लस म्हणजे काय, हे आता सहज कळेल. मारलेला किंवा दुबळा केलेला जंतू, किंवा त्याचा नुसता तुकडा, गाठीपर्यंत पोचवायचा. खरा आजार न होता पेशींची ओळख-परेड व्हावी आणि आठवण मागे राहावी, एवढाच हेतू. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पुन्हा पुन्हा टोचतात, ते ही आठवण पक्की व्हावी म्हणून. टोचल्यावर एखादा दिवस ताप येतो, तो बहुधा पेशी कामाला लागल्याचा. म्हणून पुढचा डोस चुकवू नका. जन्मल्यावर बीसीजी डाव्या दंडावर देतात, त्यामुळे कधी डाव्या काखेत लहान गाठ येते. बहुतेक वेळा ती आपोआप जाते. मोठी व्हायला लागली किंवा मऊ पडली, तर मात्र दाखवावी. तिला चोळू नये, फोडू नये.

आणि गोवराची लस नऊ महिने झाल्यावरच का? कारण आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात आलेली असतात. ती आधीच असली, तर लस नीट लागू देत नाहीत. गरोदरपणी धनुर्वाताचं इंजेक्शन देतात, त्याचा फायदाही असाच बाळाला मिळतो. बाळंतपणानंतरचा पहिला पिवळा चीक अजून काही घरांत पिळून टाकतात. त्या चिकात प्रतिपिंडं भरलेली असतात, ती बाळाच्या आतड्याला आतून लेप देतात. सासूबाई, आजीबाई ऐकत असाल, तर हात जोडून सांगतो, तो चीक टाकू नका.

आता कामाची गोष्ट. गाठ आली तर काय बघायचं? गाठ म्हणजे चौकी. चौकीवर गडबड दिसली, की तिच्या हद्दीत काय झालंय ते शोधायचं. जांघेत असेल तर पाय बघा, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या बघा. काखेत असेल तर हात, बोटं आणि स्तन बघा. जबड्याखाली असेल तर किडलेली दाढ, घसा, कान. मुलीच्या मानेमागे बारीक गाठी असतील तर डोक्यात उवा, खाजवून झालेल्या जखमा बघा. औषध अवधाणाला नाही, जखमेला करायचं. जखम धुवा, काटा काढून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. जखम बरी झाली की गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरते.

पण काही गाठी अवधाणाच्या नसतात. तीन आठवड्यांहून जास्त राहिलेली, सुपारीएवढी झालेली किंवा वाढत चाललेली, कडक, न हलणारी गाठ दाखवलीच पाहिजे. गळ्याच्या आडव्या हाडाच्या वर आलेली गाठ कितीही लहान असो, दाखवायची. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं असेल तर थांबू नये. न दुखणारी गाठ बरी, असं आपण समजतो, तेही चूक आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ आणि त्यामुळे काखेत आलेली गाठ बहुधा दुखत नाही.

आपल्याकडे ज्याला गंडमाळ म्हणायचे, ती मानेतल्या गाठींची टीबी. आमच्या त्या श्रोतीला तीच होती. सुईनं गाठीतला नमुना घेतात आणि तपासतात. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, साधारण सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. औषध सुरू असताना कधी गाठ आणखी फुगते. म्हणून गोळ्या स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि हे नीट ऐका: टीबी फक्त गाठीत असेल आणि फुप्फुसात नसेल, तर ती खोकल्यातून घरच्यांना लागत नाही. सुनेचं ताट वेगळं करायचं काही कारण नाही.

शेवटी पुन्हा निचऱ्याकडे येतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या, तर काहीजणींचा तो हात महिन्यांनी, वर्षांनी सुजतो. बांगड्या चढत नाहीत, ब्लाउजची बाही काचते. चर बुजलेल्या रानासारखंच ते. ही सूज लवकर दाखवली तर व्यायाम, पट्टी आणि शिकलेल्या हातानं केलेला हलका मसाज यांनी आटोक्यात राहते. त्या हाताला चटका, काटा, विळीचा काप यांपासून जपायचं. हात एकदम लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत हत्तीरोग आहे. तिथं डासातून आलेला धाग्यासारखा कृमी याच वाहिन्यांत राहून त्या बिघडवतो. त्याची पिल्लं बहुधा रात्री रक्तात येतात, म्हणून रक्त रात्री तपासायला घेतात. आपल्या काही मैत्रिणींचं माहेर तिकडे आहे. तिथं आरोग्य कर्मचारी घरी गोळ्या घेऊन आले, तर त्यांच्यासमोरच घ्या, लपवून ठेवू नका. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि गंभीर आजारी माणूस यांना त्या देत नाहीत, म्हणून तसं काही असेल तर आधी सांगा. सुजलेला पाय रोज साबणानं धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून ठेवला, बसताना उशीवर घेतला, तर ताप आणि दुखणं बरंच कमी होतं.

आमची ती श्रोती आता बरी आहे. मानेवर बिब्ब्याचा डाग राहिला, पण गाठ गेली. दवाखान्यात पहिल्यांदा तिला नेलं, ते तिच्या सासूबाईंनी. जिच्यापासून ती इतके दिवस मान झाकत होती, त्याच. हे भाषण लिहून झाल्यावर आम्ही आधी त्या दोघींना वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "ते तेलाचं चूक होतं म्हणून स्पष्ट सांगा, बायका ऐकून लक्षात ठेवतात."

म्हणून स्पष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही चुकीचं सांगितलं होतं. गाठ चोळू नका, तिच्यावर बिब्बा लावू नका. कुठून आली ते शोधा, आणि तीन आठवड्यांत गेली नाही तर पदर बाजूला करून डॉक्टरांना दाखवा. येतो मैत्रिणींनो. पुढच्या बुधवारी पुन्हा भेटू.